आस्ता नील्सनमध्ये नेमकं काय बघायचं? (तातडीने मदत हवी)

तिसरी_घंटा
रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, अशी हौशी रंगकर्मी. सध्या आमच्या ग्रुपचा एक दीर्घांक बसतोय. विषय मूकपटांच्या काळातली एक नटी. त्यात मला सलग पंधरा मिनिटं एक शब्दही बोलायचा नाहीये. दिग्दर्शक सर म्हणाले, "आस्ता नील्सन बघ. डेन्मार्कची. १९१० चा 'आफग्रुंडेन' बघ आणि मग माझ्याशी बोल."

जेवणं उरकल्यावर मोबाईलवर लावला आणि खरं सांगायचं तर हसू आलं. सगळी माणसं किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी तुरुतुरु पळतायत. ज्या नाचाबद्दल एवढं ऐकलं होतं तो म्हणजे नुसती झटापट वाटली. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "चार्ली चॅप्लिन का गं?" सत्तावीस मिनिटांत खेळ खलास.

हे सरांना सांगितलं तर ते माझी चामडी लोळवतील. म्हणून आधी इथे विचारते. ही बाई मोठी का? आणि मोठी असेल तर मला ते दिसत का नाही? विकिपीडियाची लिंक देऊ नका, वाचून झालंय.

तंबूतला_पोरगा
सकाळी ७:१५

सत्तावीस मिनिटं म्हणालात, तिथेच चोर सापडला.

आमच्या वडिलांचा फिरता तंबू होता, सातारा भागात जत्रांना लागायचा. लहानपणापासून मशीनवर बसलोय, म्हणून हा हिशोब तोंडपाठ आहे. ३५ एमएमच्या एका मीटरमध्ये साडेबावन्न चौकटी, म्हणजे फ्रेम, बसतात. 'आफग्रुंडेन' साधारण ७५० मीटरचा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठरा चौकटी. अठराच्या गतीने लावला तर छत्तीस-सदतीस मिनिटं चालतो. बोलपट आल्यावर मशीनं चोवीसवर बांधली गेली. त्या गतीने तोच सिनेमा बरोब्बर सत्तावीस मिनिटांत उरकतो. तुम्ही पाहिलात तो सिनेमा सव्वापटीहून जास्त जोरात पळवलेला. मोगूबाईंची रेकॉर्ड ७८ ऐवजी १०० वर लावून "ह्या बाईंना सूर नाही" म्हणावं, तसं झालं.

डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपले मूकपट त्यांच्या साइटवर फुकट ठेवलेत. तिथली कॉपी बघा. आणि मोबाईलवर नको.

आता ती मोठी का, याचं धंद्याच्या बाजूचं उत्तर मी देतो, अभिनयाचं दुसरं कोणी देईल. १९१० पर्यंत जर्मनीत सिनेमे मीटरवर विकले जायचे. कापड ताग्यातून फाडून द्यावं तसे. ज्याला हवी त्याने कॉपी घ्यावी, लावावी, झिजली की पुढच्याला विकावी. एकाच गल्लीत तीन ठिकाणी तोच खेळ. ड्युसेलडॉर्फच्या लुडविग गोटशाल्कने 'आफग्रुंडेन'चे हक्क घेतले आणि ठरवलं की एका गावात एकाच थिएटरला द्यायचा. आपल्याकडे टेरिटरी विकतात, त्याच जातीची ही कल्पना. त्याला ते 'मोनोपोल फिल्म' म्हणायचे. पण हे कधी चालतं? लोक "कुठला सिनेमा" न विचारता "तिचा सिनेमा कुठे लागलाय" विचारायला लागले तरच. ते त्या बाईमुळे झालं. पुढे पाउल डेव्हिडसन, ज्याची जर्मनीत युनियन थिएटरची साखळीच होती, त्याने तिच्याशी वर्षावर्षांचा करार केला आणि सिनेमे यायच्या आधी, तिच्या नावावर, मालिका म्हणून विकले. आज पोस्टरवर नट मोठा आणि सिनेमाचं नाव बारीक असतं ना, त्याची एक मुळी तिथे आहे.

नाक_मुरडे
सकाळी ९:०३

सगळं खरं, पण मला एक सांगा. सत्तरच्या वर सिनेमे, त्यातले डेन्मार्कचे मोजून चार. बाकी सगळे जर्मन. मग 'डेन्मार्कची थोर नटी' हा बिल्ला कशाला? शिवाय रंगभूमीवर तिने काय दिवे लावले ते कोणी सांगत नाही. आणि बाईने हॅम्लेट करणं ही तर सरळ सरळ जाहिरातबाजी. परदेशातलं आणि काळं-पांढरं असलं की आपले लोक हात जोडून उभे.

तिसरी_घंटा, तू तुझ्या मनाने कर. हसू आलं तर आलं.

गोधडीवाली
दुपारी ४:२०

नाक_मुरडे, तुमचं नाव बदलू नका, छान आहे.

घंटे, मी तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याएवढी असेल. चौदा वर्षं झाली आम्ही कोपनहेगनला आहोत. मी कपडे अल्टर करते. बाह्या आखूड करणं, अस्तर बदलणं, कुणा आजोबांचा कोट नातवाला बसवणं. वेस्टरब्रो भागात दुकान आहे. आस्ता ह्याच वस्तीत जन्मली, ११ सप्टेंबर १८८१ ला. आता इथे महागडी कॉफी मिळते, तेव्हा मजुरांच्या चाळी होत्या. बाप लोहार, पण हाताला काम असायचंच असं नाही. आई लोकांचे कपडे धुवायची. कामाच्या शोधात बाप सगळ्यांना घेऊन समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये माल्मोला गेला, पुन्हा परत आला आणि ही चौदा वर्षांची असताना वारला.

आधी नाव. इथे 'नील्सन' कोणी म्हणत नाही, ते 'नेल्सन'सारखं ऐकू येतं. आणि 'आफग्रुंडेन'चा उच्चार साधारण 'आउग्रुनन'. अर्धी अक्षरं गिळायची असतात, मला अजून नीट जमत नाही. अर्थ : खोल दरी, जिच्या काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो ती.

मी तिला भेटले कापडामुळे. दुकानात येणाऱ्या एका म्हातारीने माझी गोधडी पाहिली, आईच्या जुन्या लुगड्यांची, आणि म्हणाली की आस्तासुद्धा म्हातारपणी कापडाचे तुकडे जोडत बसायची. मी म्हटलं कोण आस्ता? तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. मग मी तिचं आत्मचरित्र मिळवलं. दोन भाग, १९४५-४६ साली आलेले, नाव 'दहावी कलादेवता'. शब्दकोश घेऊन एक अख्खा हिवाळा लागला. त्यामुळे पुढचं लांबलचक सहन कर.

रंगभूमीचं आधी, कारण वर टोमणा आहे. अठराव्या वर्षी ती रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत घेतली गेली. पेटर येर्न्डॉर्फ नावाचे तिथले ज्येष्ठ नट तिचे गुरू. शिकत असतानाच, १९०१ साली, तिला मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. बाप कोण हे तिने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मुलीचं नाव येस्टा. सांभाळायला आई आणि थोरली बहीण. धुणेवालीची मुलगी, पदरात मूल, आणि वर्ष १९०१. नाटकवाल्यांनी तिला मुख्य भूमिका का दिल्या नाहीत याला आणखीही कारणं होती. आवाज खर्जातला, अंगकाठी पोरासारखी सडपातळ, चेहरा तेव्हाच्या गोडगोड नायिकेचा नाही. डॅगमार थिएटर केलं, मग नॉर्वे-स्वीडनचे दौरे, मग डे न्यू तेआतर, म्हणजे 'नवं नाट्यगृह', जे १९०८ ला उघडलं. ते अजून चालू आहे. त्या इमारतीच्या पोटातून एक बोळ जातो, मी रोज त्याच बोळातून दुकानात जाते.

तर नाक_मुरडेसाहेब, रंगभूमीवर तिने दिवे लावले नाहीत हे बरोबर आहे. लावूच दिले नाहीत. आणि त्यातूनच सिनेमा झाला. उर्बान गाड हा त्याच थिएटरातला माणूस, त्याने तिच्यासाठी गोष्ट लिहिली. दोघांचा हेतू एवढाच की नाटकाच्या लोकांनी हा सिनेमा बघावा आणि तिला बरी भूमिका द्यावी! आठवडाभरात चित्रीकरण उरकलं. १२ सप्टेंबर १९१० ला, तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कोपनहेगनच्या कॉस्मोरामा सिनेमागृहात लागला. नाटकवाल्यांनी काही बोलावलं नाही. बोलावलं जर्मनीने. ती गाडशी लग्न करून (१९१२) तिकडेच राहिली, तर डेन्मार्कचे चार आणि बाकी जर्मन हा हिशोब तसा बसतो.

आता घंटे, तू सिनेमा लाव, योग्य गतीचा. मी सांगते तिथे थांब.

नाच. ती पियानो शिकवणारी मुलगी, ठरलेलं लग्न सोडून सर्कशीतल्या माणसामागे गेलेली. तो माणूस म्हणजे पोउल रॉयमर्ट, पुढे हा इथल्या रंगभूमीचा फार मोठा नट झाला. रंगमंचावर ती त्याला दोराने बांधते आणि त्याच्याभोवती नाचते. कॅमेरा प्रेक्षकांत नाही. विंगेत आहे. तू विंगेत उभी राहून आपली एंट्री येईपर्यंत दुसऱ्याचं काम बघतेस ना, तिथून. त्यामुळे ती प्रेक्षकांसाठी नाचते आहे हे आपल्याला बाजूने दिसतं, आणि ती खरं कोणासाठी नाचते आहे तेही दिसतं. तो बांधलेला आहे, त्याला हलता येत नाही. ती त्याला कंबरेने घासत जाते, पण चेहऱ्यावर मोहिनीबिहिनी काही नाही. राग आहे. मला तर तो नाच कधी मादक वाटलाच नाही, हिशोब चुकता करणारा वाटला. स्वीडन-नॉर्वेच्या सेन्सॉरला मात्र वेगळं काहीतरी वाटलं, त्यांनी कात्री लावली.

तिचा काळा ड्रेस बघ. माझा धंदा आहे म्हणून सांगते. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा यायचा आणि निळा पांढरट. म्हणून चेहऱ्याची लाली डाग दिसे, ओठ काळेठिक्कर. त्या फिल्मवर हिचे काळे केस, मोठे काळे डोळे आणि पांढराफटक चेहरा जणू शाईने काढल्यासारखे उठतात. आणि ड्रेस असा अंगालगत बेतलाय की पाठ, कंबर, मांडी यांची प्रत्येक हालचाल लांबूनही वाचता येते. झालरी असत्या तर सगळं हरवलं असतं. तुमच्या नाटकात तुला पंधरा मिनिटं बोलायचं नाहीये म्हणतेस, तर वेशभूषावाल्याला आत्ताच सांग : ओढणी नको, घोळ नको.

मग शेवट. तो माणूस मेलेला आहे, हिच्याच हातून. पोलीस तिला घेऊन जातात. आता आपली कुठलीही नटी काय करेल? टाहो. ही काहीच करत नाही. चालते. पण पाय तिचे नाहीत, कोणीतरी उसने दिलेत असे. जो मुलगा तिच्याशी लग्न करणार होता तो तिथेच उभा आहे. मी हे दहा-बारा वेळा पाहिलंय. प्रत्येक वेळी वाटतं आता वळेल, आता बघेल.

१९१० साली बाकीचे सगळे सिनेमात हात फेकत होते, कारण शब्द नाहीत तर हाताने बोलायचं असं त्यांना वाटे. हिला कळलं की कॅमेरा शेवटच्या रांगेत बसलेला नाही, तो दोन हातांवर आहे. त्याला ओरडून सांगावं लागत नाही.

हॅम्लेटचं. जाहिरातबाजी म्हणालात, ठीक, पण तिच्या स्वतःच्या पैशाची. आर्ट-फिल्म नावाची तिची स्वतःची कंपनी, १९२१ साली सिनेमा लागला. व्हायनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १८८१ मध्ये, तिच्या जन्माच्याच वर्षी, पुस्तक लिहून मांडलं होतं की हॅम्लेट मुळात बाई आहे. सिनेमात राणीला मुलगी होते तेव्हा राजा लढाईत पडल्याची खबर आलेली असते. गादी जाऊ नये म्हणून ती "मुलगा झाला" असं जाहीर करते. राजा जिवंत परत येतो, पण खोटं एकदा बोललं की निस्तरत बसावं लागतं. मग सगळा गुंता वेगळाच होतो. हॅम्लेटचा जीव होरेशियोवर, होरेशियोचा ऑफिलियावर, आणि हॅम्लेटने ऑफिलियाशी खेळायचं ते मत्सरापोटी. शेवटी मेलेल्या मित्राच्या छातीवर हात ठेवल्यावर होरेशियोला कळतं. काकाला तर ती मेजवानीच्या दालनासकट जाळते. ते शेक्सपिअरचं नाही, त्याच्याही आधीच्या डॅनिश बखरीतलं आहे, साक्सोच्या. तेव्हा 'डेन्मार्कची' म्हणायला हरकत नसावी.

आपल्याकडे आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे मराठीतला हॅम्लेट, १८८३ चं, गणपतराव जोशींचा हॅम्लेट आपल्या आजोबांच्या तोंडी. बालगंधर्वांमुळे पुरुषाने बाई करणं आपल्याला घरचं. इथे बाईने पुरुष केलेला नाही. जन्मभर पुरुषाचं सोंग करावं लागलेली बाई केली आहे. ती एकटी असताना कशी बसते आणि कोणी आत आलं की कशी बसते, एवढंच बघ. १९२१ च्या ह्या सिनेमाची रंगवलेली जुनी कॉपी सापडली आणि २००७ च्या बर्लिन महोत्सवात दुरुस्त करून दाखवली. मिळाली तर तीच बघ.

'दुःखी गल्ली' म्हणता येईल असा पाब्स्ट नावाच्या दिग्दर्शकाचा १९२५ चा सिनेमाही आहे. व्हिएन्ना, महागाई, खाटकाच्या दुकानापुढे रांग. त्यात एकोणीस वर्षांची ग्रेटा गार्बो, पुढे हॉलिवूडची मोठी तारका झालेली, आहे, आणि आस्ता त्रेचाळीसची. लोक गार्बोसाठी बघतात. बघू देत.

पुढचं मला सांगवत नाही, तरी सांगते. बोलपट तिने एकच केला, १९३२ ला. नाझी आल्यावर त्यांचा प्रचारमंत्री ग्योबेल्सने तिला तिच्या नावाची कंपनी काढून देऊ केली होती. ती काही वर्षांत सामान आवरून कोपनहेगनला परतली. युद्धात एका तरुण डॅनिश माणसाच्या हातून तिने जर्मनीतल्या ज्यूंसाठी पैसे पुरवले, त्यातून अन्नाची पार्सलं जायची. रोजनिशीकार व्हिक्टर क्लेम्पेरर हे मदत पोचलेल्यांतले एक. आणि घरी? काम नाही. इथे तेव्हा सिनेमागृह चालवायला सरकारी परवाना लागे, आणि तो कलावंतांना म्हातारपणची सोय म्हणून देत. दिग्दर्शक ड्रायरला मिळाला. दिग्दर्शक बेन्यामिन क्रिस्टेन्सनलाही मिळाला. हिने मागितला, हिला नाही. ह्यावर त्या दुकानातल्या म्हातारीचं मत मी इथे लिहिलं तर मॉडरेटर पोस्ट उडवतील.

मग ती कापडाचे तुकडे कापून चिकटवून चित्रं करू लागली. पुस्तकात छापलेली पाहिली आहेत मी. रंग असे धीट की ज्या बाईने सगळं आयुष्य काळ्या-पांढऱ्यात काढलं तिने साठवून ठेवले असावेत. १९६४ ला येस्टाने जीव दिला. १९६८ मध्ये आस्ताने स्वतःवरचा छोटा माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला, वय शहाऐंशी. १९७० ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तिने तिसरं लग्न केलं. मे १९७२ मध्ये गेली.

थांबते. एक बाई पँट घेऊन उभी आहे कधीची.

नाक_मुरडे
सायंकाळी ६:५५

परवान्याचं माहीत नव्हतं. हॅम्लेट शोधतो. बाकी गार्बोबद्दलचं मत मागे घ्या, मग बोलू.

तंबूतला_पोरगा
सायंकाळी ७:३०

गोधडीवाली ताई, लाल काळा दिसायचा हे आमचे वडीलही सांगायचे, आज कारण कळलं. जुन्या पौराणिक चित्रपटात देवांचे ओठ असे का, हा माझा लहानपणापासूनचा प्रश्न होता.

तिसरी_घंटा
दोन दिवसांनी, रात्री १२:१०

सगळ्यांचे आभार. काल भावाच्या लॅपटॉपवर, योग्य गतीने, दोनदा पाहिला. आईही बसली. नाचाच्या वेळी ती काही बोलली नाही, शेवटी मात्र म्हणाली, "रडली का नाही गं ती?" आणि उठून दूध तापवायला गेली.

आज तालमीत मी शेवटचा प्रवेश हात न हलवता केला. आधी हात कुठे ठेवायचे तेच कळेना, मग कळलं की मी दर वाक्याला एक हात ठरवून ठेवलाय, वाक्य नसलं तरी तो उठतोच. सरांनी तीनदा थांबवलं. चौथ्यांदा काही म्हणाले नाहीत, चहा मागवला.

गोधडीवाली ताई, एक विचारायचं राहिलं. आम्ही तो दोराचा नाच दोन मिनिटांचा घेतोय, माझा जोडीदार घाबरलाय. दोर कुठला घ्यावा?

गोधडीवाली
दुसऱ्या दिवशी, दुपारी १:०५

सुती घे, बोटाएवढा जाड, आणि आधी दोनदा धुऊन मऊ कर. नायलॉन अजिबात नको, घामाने सरकतो आणि गाठ बसली की सुटत नाही. आणि त्या बिचाऱ्याला सांग, आस्ताच्या नाचात रॉयमर्टने काय केलं ते बघ. उभा राहिला. तेवढं जमलं पाहिजे.